अकरा बिऱ्हाडं आणि चार जीबी

अपडेट न सांगता येतं असं कुणी म्हणू नये. ते फार सांगून येतं. पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी दारात उभं राहून विचारत होतं, येऊ का? मी रोज ‘नंतर आठवण करा’ दाबून त्याला वाटेला लावत होते. सोळाव्या दिवशी मी कणीक मळत होते. दोन्ही हात पिठात, फोन वाजला म्हणून करंगळीनं काय ते दाबलं आणि अपडेट घरात आलं. पावणेतीन जीबीचं होतं. सोबत चिठ्ठी होती: सुरक्षितता वाढवली आहे, स्थिरता सुधारली आहे आणि काही नवीन वैशिष्ट्यं दिली आहेत.

फोन बंद झाला, चालू झाला, कंपनीचं नाव बराच वेळ दाखवत बसला. मग उघडलं ते घर ओळखीचंच होतं, पण आपण गावाला गेल्यावर जावेनं सगळे डबे हलवून ठेवावेत तसं. घड्याळ कोपऱ्यातनं मधोमध आलेलं. गोल बटणं लंबगोल झालेली. वॉलपेपरच्या रंगावरनं आता सगळ्या फोनचा रंग आपोआप ठरतो म्हणे. माझ्या वॉलपेपरवर आईचा हिरव्या इरकलीतला फोटो आहे, त्यामुळं अख्खा फोन चुडा भरल्यासारखा हिरवागार झाला. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण दूधवाल्याचे पैसे द्यायला गेले तर पडदा नुसता माझ्याकडं बघत राहिला. मी दाबलं. त्यानं बघितलं. मी परत दाबलं. मग एक चौकट आली, की हे अ‍ॅप प्रतिसाद देत नाही. खाली दोन पर्याय: अ‍ॅप बंद करा, नाहीतर प्रतीक्षा करा.

अँड्रॉइडमध्ये या चौकटीचा हिशेब ठरलेला आहे. बोट लावल्यापासून पाच सेकंदांत अ‍ॅपनं हूं की चूं केलं नाही तर ती येते. पाच सेकंद! सकाळी पेपर वाचत बसलेल्या माणसाला हा नियम लावला असता तर आमच्या घरात लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ‘बंद करा’ दाबायची वेळ आली असती. मी गेली सत्तावीस वर्षं ‘प्रतीक्षा करा’वर आहे.

शनिवारी ओंकार आला. हा माझा भाचा, इंजिनिअरिंगला आहे. दर शनिवारी मळके कपडे आणि भूक घेऊन येतो आणि त्या बदल्यात घरातल्या यंत्रांकडं बघतो. त्यानं फोन हातात घेतला, दोन ठिकाणी दाबलं आणि डॉक्टर मान हलवतात तशी हलवली.

‘‘मावशी, तुझी मेमरी कमी आहे.’’

‘‘तिची नाही रे, माझी,’’ आतल्या खोलीतनं आई म्हणाली.

आई ब्याऐंशीची आहे. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात ती विचारते, माझी गोळी झाली का गं. झाली म्हटलं तर तिला पटत नाही आणि नाही झाली म्हटलं तर ती दुसरी घेईल, म्हणून मी रिकामं पाकीट दाखवायला जपून ठेवते. एकीकडं आई आणि दुसरीकडं फोन, अशा दोघांच्या विस्मरणात माझा दिवस जातो, त्यामुळं या विषयात मला थोडंफार कळायला लागलंय असं मी धरून चालते.

तर मेमरी. आपल्याकडं ‘मेमरी फुल’ हा एकच आजार आहे. फोटो मावेनात, मेमरी फुल. फोन अडखळतोय, मेमरी फुल. पाव्हण्याचं नाव आठवेना, तरी हल्ली लोक कपाळाला हात लावून तेच म्हणतात. ओंकारनं सांगायला सुरुवात केली की हे दोन वेगळे प्रकार आहेत, एक स्टोरेज आणि एक रॅम. मी त्याला थांबवलं. म्हटलं, म्हणजे एक माळा आणि एक ओटा. माळ्यावर सगळं असतं. आकाशकंदील, चकलीचा सोऱ्या, बंद पडलेला पण टाकवत नाही असा मिक्सर. ते नुसतं असतं. स्वयंपाक मात्र माळ्यावर होत नाही. जे करायचं ते खाली काढून ओट्यावर मांडावं लागतं. फोन बंद केला की ओटा पुसला जातो, माळा तसाच राहतो. ओंकार म्हणाला, बरोबर. माझा माळा १२८ जीबीचा आहे आणि ओटा चार जीबीचा.

‘‘चार कसे? आठ आहेत,’’ मी म्हटलं. गणपती पेठेतल्या दुकानदारानं खोक्यावर बोट ठेवून दाखवलं होतं, ताई, आठ जीबी रॅम. ओंकारनं ते खोकं माळ्यावरनं काढलं (माळ्याचा हाही एक उपयोग). आठच्या खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, चार अधिक चार. त्यातले पहिले चार खरे. दुसरे चार म्हणजे माळ्यावरची चार फळ्यांची जागा ओटा म्हणून धरलेली. तिला व्हर्च्युअल रॅम म्हणतात. ओट्यावर मावलं नाही की तिकडं सरकवायचं आणि लागलं की शिडी लावून आणायचं. होतं काम, होत नाही असं नाही, पण माळा ओट्यापेक्षा कित्येक पट सावकाश. फोडणी तडतडतेय आणि हिंगाचा डबा शिडीवरनं खाली येतोय, अशा वेळी ओट्याला आठ फुटी म्हणायला जीभ धजावत नाही. दुकानदाराची धजावते.

मग ओंकारनं मला ओटा प्रत्यक्ष दाखवला. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचक्या माराव्या लागतात. सातव्या टिचकीला फोननं जाहीर केलं, तुम्ही आता डेव्हलपर आहात. सात पावलांत माणसाचा दर्जा बदललेला मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होते. या वेळीही जबाबदारीची कल्पना आधी कुणी दिली नव्हती.

आत एक पान होतं. गेल्या तीन तासांतला सरासरी वापर, चारपैकी ३.४ जीबी. खाली उतरत्या क्रमानं यादी. मला वाटलं होतं व्हॉट्सअ‍ॅप पहिलं येईल. पहिली होती स्वतः ऑपरेटिंग सिस्टिम, दीड जीबी. म्हणजे ओट्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागेवर ओटाच मांडलेला! बाकीचे खाली दाटीवाटीनं. एक जण मी हाक मारलीच तर ऐकू यावं म्हणून कान टवकारून बसलेला. मी त्याला आजवर एकदाही हाक मारलेली नाही. एक जण फोटोतले चेहरे जुळवत होता आणि माझ्या दोन नणंदा एकच आहेत असं त्याचं मत झालं होतं. एक जण मी पुढं कोणतं अ‍ॅप उघडेन याचा अंदाज बांधत होता. हे सगळे माझ्यासाठीच राबत होते. लग्नघरात मदतीला आलेली माणसं आणि त्यांच्यासाठी सतत टाकावा लागणारा चहा, यातला खर्च कोणता आणि मदत कोणती ते कधी नीट कळत नाही, तसंच हे.

‘‘दोन-चार दिवस जाऊ दे,’’ ओंकार म्हणाला. अपडेटनंतर फोन मागल्या दारी सगळ्या अ‍ॅपांची नव्यानं जुळणी करत असतो, फोटोंची यादी परत लावत असतो, म्हणून तापतो आणि रेंगाळतो. मग जाता जाता त्यानं त्या डेव्हलपरांच्या खोलीत पडदे सरकण्याचं माप एकवरनं अर्ध्यावर आणलं. म्हणजे खिडकी उघडताना जे झुळझुळ नाटक होतं त्याला लागणारा वेळ अर्धा केला. दुसरं काहीही बदललं नव्हतं. ओटा तेवढाच, पाव्हणे तेवढेच. पण फोन लगेच चपळ वाटायला लागला! मला यात थोडी फसवणूक वाटली आणि पुष्कळ समाधान. वेग ही गोष्ट निम्मी बघणाऱ्याच्या डोळ्यात असते, हे करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. गुगलनं २०१२ मध्ये अँड्रॉइडच्या जेली बीन आवृत्तीसाठी पडदा अडखळू नये म्हणून मोहीम काढली, तिचं नावच ‘प्रोजेक्ट बटर’. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एकेक चित्र सोळा मिलिसेकंदांत तयार पाहिजे. सतरावा लागला की डोळ्याला खडा लागतो. भातात लागतो तसा.

नावांच्या बाबतीत ही मंडळी खवय्यी खरी, पण एकदा त्यांनी पथ्यही पाळलंय. २०१३ मध्ये किटकॅट आलं तेव्हा त्याला ५१२ एमबीच्या फोनवर चालवायचं असं ठरवून सगळं छाटलं होतं आणि त्या कामाला ‘स्वेल्ट’, म्हणजे सडपातळ, असं नाव दिलं होतं. लागेल ते सामान दाबून बांधायची युक्तीही त्यात होती. बॅगेवर बसून चेन लावतात त्या पद्धतीनं. माझ्या फोनचा ओटा त्याच्या आठपट आहे आणि तरी इथं धाप लागते. सगळ्यात पहिला अँड्रॉइड फोन २००८ चा, १९२ एमबीचा. आणि २००७ चा पहिला आयफोन १२८ एमबीवर चालायचा. त्याला कॉपी-पेस्टसुद्धा येत नव्हतं. ते दोन वर्षांनी शिकला. आता २०२४ मध्ये अ‍ॅपलनं आपली कृत्रिम बुद्धी फोनमध्ये घातली तेव्हा ज्यांना ती मिळाली त्या सगळ्या आयफोनांमध्ये निदान आठ जीबी रॅम होती. १२८ एमबीच्या बरोबर चौसष्ट पट. चौसष्ट कलांना चौसष्ट पट ओटा, हिशेबाला चूक नाही. पण आदल्याच सप्टेंबरात बाजारात आलेला साधा आयफोन १५ सहा जीबीचा होता, तो वर्षाच्या आत पंगतीबाहेर बसला. त्याचे पैसे दिलेल्यांना काय वाटलं असेल ते मी जाणते. मी एकदा वाटाणे घेऊन घरी पोचेपर्यंत भाव निम्मा झाला होता.

ही बुद्धी एवढी जागा का खाते हेही मी विचारलं. तर तिला पटकन उत्तर द्यायचं असेल तर सगळं ज्ञान ओट्यावरच मांडून बसावं लागतं, दर प्रश्नाला माळ्यावर चढून चालत नाही. म्हणजे पाट मांडून बसलेला जावई. उठवता येत नाही, आणि काय हवंय तेही तो विचारल्याशिवाय सांगत नाही.

निकलाउस विर्थ नावाचे स्विस गृहस्थ होऊन गेले, पास्कल ही संगणकभाषा करणारे. त्यांनी १९९५ मध्येच सडपातळ सॉफ्टवेअरसाठी विनवणी करणारा लेख लिहिला होता. यंत्रं ज्या वेगानं जलद होतात त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होत जातं, असं त्यात सांगितलंय. महागाई भत्ता लागू होईपर्यंत तेलाचा डबा पुढं गेलेला असतो, हे आमच्या पतसंस्थेतल्या शिपायालाही सांगता येईल. पण त्याला कुणी लेख मागितला नाही.

आता माझी एक वाईट सवय. मी रात्री झोपताना फोनमधली सगळी उघडी अ‍ॅपं एकेक करून वर ढकलून देत असे. ओटा पुसल्याचं समाधान. ओंकारनं ते बघितलं आणि जवळजवळ ओरडलाच. म्हणाला, हे तू करायचंच नाहीस, फोन करतो. रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम. उद्या सकाळी सहा वाजता तेच अ‍ॅप परत माळ्यावरनं काढायला जास्त दमतो तो. मला पटेना. तेव्हा त्यानं एक गंमत सांगितली. २०१६ मध्ये एका आयफोनवाल्यानं थेट अ‍ॅपलच्या टिम कुकना मेल करून विचारलं होतं, की तुम्ही सारखी अ‍ॅपं बंद करता का आणि बॅटरीसाठी त्याची गरज असते का. कुकच्या जागी क्रेग फेडेरिगींचं उत्तर आलं. ते त्यांच्या सगळ्या सॉफ्टवेअरचे प्रमुख. उत्तर काय, तर ‘नाही आणि नाही.’ एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसानं इतकं आटोपशीर उत्तर दिलेलं मी सहकार खात्यात कधी बघितलेलं नाही.

मग फोन जागा कशी करतो? अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपच्या कपाळावर एक आकडा असतो. जे समोर उघडं आहे त्याला शून्य. मागं पडलेल्यांना नऊशेच्या पुढं, आणि त्यातही ज्याच्याकडं सगळ्यात जास्त दिवस कुणी बघितलं नाही त्याचा आकडा मोठा. ओटा भरला की मोठ्या आकड्याला आधी उचलून बाहेर. भांडण नाही, निरोप नाही. आपल्याला फक्त परत गेल्यावर कळतं, की अर्धवट लिहिलेला मजकूर गेला आणि पान पहिल्यापासून उघडलं.

हे ऐकल्यावर मला आमच्या गोळीचं कोडं सुटलं. मागच्या दिवाळीत मी आईसाठी फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलं होतं, सकाळी आठला गोळीची आठवण करणारं. चार दिवस वाजलं. पाचव्या दिवसापासून गप्प. मी त्याला नावं ठेवली, एक तारा दिला, अ‍ॅप बिचारं निर्दोष होतं. फोन बनवणाऱ्यांनी अँड्रॉइडच्या वर आपली आणखी एक काटकसर घातली होती: जे अ‍ॅप कुणी उघडत नाही ते पार झोपवून टाकायचं, त्याच्या गजरासकट. पण आठवण करणाऱ्याला रोज कोण उघडतं? त्यानं गप्प कोपऱ्यात बसून वेळेवर बोलायचं असतं. फोनच्या लेखी तो बिनकामाचा. सगळ्यांत आधी विसरला गेला तो आठवण ठेवणाराच. तेव्हापासून गोळीची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयावर आहे. त्याला रॅम लागत नाही आणि मागं आळूवडीची कृती असते.

आईचं मात्र बरोबर उलटं आहे. फोन जुनं आधी टाकतो. ती नवं आधी टाकते. डॉक्टर म्हणाले या वयात असंच होतं. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८८१ मध्ये हे नियम म्हणून मांडून ठेवलंय, की स्मृती ढासळते तेव्हा ताजं आधी जातं आणि जुनं शेवटपर्यंत तग धरतं. आईनं रिबोचं नाव ऐकलेलं नाही, पण तिचा शून्य आकडा मिरजेच्या वाड्याच्या कपाळावर आहे. अकरा बिऱ्हाडं होती तिथं. ती आजही ओळीनं सांगते. पहिल्यात मालक. दुसऱ्यात पोस्टातले, ज्यांच्या घरी सगळ्यांची पत्रं आधी वाचली जात. तिसऱ्यात सतारीला तारा चढवणारे म्हातारबाबा. पाचव्यात रेल्वेचे गार्ड, दिवसा झोपायचे म्हणून पोरांना अंगणात ओरडायची बंदी. सातव्यात मिशन दवाखान्यातली नर्स, तिच्याकडं अंड्याचा वास. कुठल्या घराची कडी सैल होती तेसुद्धा. माझ्या चार जीबीत अकरा अ‍ॅपं एकदम जागी राहत नाहीत.

अपडेट म्हणजे वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये अ‍ॅपलचं आयओएस १२ आलं ते जुने फोन पळावेत म्हणूनच; पाच वर्षं वापरलेल्या आयफोन ५एसलाही ते मिळालं आणि लोकांनी दुवा दिला. त्याच्या आदल्याच डिसेंबरात जुन्या बॅटरीचे आयफोन आपण मुद्दाम सावकाश करतो हे त्याच कंपनीला कबूल करावं लागलं होतं, ही गोष्टही त्याच ताटात वाढायला हवी. आणि अँड्रॉइडचा मला एक गुण फार आवडतो. २०१३ पासून तो रात्री चार्जिंगला लावलेला असताना, सगळे झोपल्यावर, माळ्यावरची पुसून टाकलेल्या सामानाची जागा झाडून घेतो. घरात असं कुणी असलं तर मी त्याला दीड जीबी काय, दोनही देईन.

चार दिवसांनी फोन खरंच निवळला. मीही थोडा हात लावला होता. कान टवकारून बसलेल्याला घरी पाठवलं. सुप्रभातचे गुलाब, सूर्य आणि वाफाळते कप मिळून चौदाशे चित्रं माळ्यावरनं उतरवली. यात संकोच वाटायचं कारण नाही. गुगलनं २०१७ च्या डिसेंबरात फाइल्स गो नावाचं जे सफाईचं अ‍ॅप काढलं त्याला ही चित्रं वेचून काढायला खास शिकवलं होतं, इतका आपल्या देशाचा सुप्रभात गाजला होता.

त्या रविवारी दुपारी आई परसात शेवग्याखाली खुर्ची टाकून बसली होती. मी कपडे वाळत घालत होते. आई एकदम दबक्या आवाजात म्हणाली, ‘‘हलू नकोस.’’ समोरच्या भिंतीवर भारद्वाज बसला होता. अगदी सावकाश, कुणाचं काही लागत नसल्यासारखा. तपकिरी पंख, बाकी काळाभोर. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, आणि फोटो काढला तर सगळ्या भावंडांचा जाईल म्हणून मी ओल्या हातानंच फोन काढला. कॅमेरा दाबला. कॅमेरा म्हणजे ओट्यावर पुरणाचा घाट. तो यायचा तर आधी मांडलेलं निम्मं सामान बाजूला सारावं लागतं. पडदा काळा झाला. काळाच राहिला. मी मनात एक ते पाच मोजायला लागले. चौकट आली नाही हे फोनच्या बाजूनं सांगायला हवं. चारावरच कॅमेरा उघडला आणि मी बटण दाबलं.

फोटो चांगला आलाय. भिंत स्पष्ट आहे, पावसाळ्यातलं वाळलेलं शेवाळ आहे, उजवीकडं माझ्या दोरीचा एक निळा चिमटा आहे. ३.८ एमबी. ओंकार म्हणतो, पुसून टाक, नुसती भिंत कशाला ठेवायची. काल जेवणानंतर आईनं तिसऱ्यांदा गोळीचं विचारलं, म्हणून तिला गुंतवायला मी फोनमधले फोटो दाखवत बसले. भिंत आली तशी मी घाईनं पुढं सरकवायला लागले.

‘‘थांब की,’’ आई म्हणाली. तिनं चष्मा वर केला आणि भिंतीच्या मधोमध दोनदा बोट टेकवलं. टेकवलं तिथं भिंत मोठी झाली.

‘‘हे बघ,’’ ती म्हणाली, ‘‘डोळा कसा लालबुंद.’’